सेल्बी वोकीचा उघड्यावरचा गांजा

समुद्रकाठच्या गॅनेट कोव्हमध्ये यंदा उन्हाळा कधी येऊन गेला असं विचारलं, तर लोक आधी एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी म्हणतं, "बुधवार होता वाटतं." अशा गावात सेल्बी वोकीनं उघड्यावर गांजा लावायचं ठरवलं.

कायद्याची अडचण नव्हती. घरटी चार झाडं लावायला सरकारची मोकळीक आहे आणि गावातली निम्मी घरं ती लावतातही. पण लावतात ती तळघरात, दिव्याखाली, हीटरच्या उबेत. उघड्यावर लावायचा वेडेपणा कोणी करत नाही, कारण जूनमध्ये इथे कोट घालून बाहेर पडतात, ऑगस्टमध्ये धुकं असतं आणि या दोहोंच्या मध्ये जुलै येतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं. बाहेर येतात ती सलगम, बटाटा आणि कोबी. तीही बिचारी दुसरीकडे जायची सोय नाही म्हणून.

ही भानगड सुरू झाली ह्यूबर्ट टिझर्डच्या शेडमध्ये. ह्यूबर्ट म्हणजे सेल्बीचा शेजारी, गावच्या बागायती प्रदर्शनाचा अध्यक्ष आणि कोबीत दरवर्षी पहिला येणारा माणूस. गावात नगरपरिषद आहे, चर्च आहे, पण गावाचे खरे निर्णय या शेडमधल्या फाटक्या सोफ्यावर होतात. त्या दिवशी स्टोव्ह पेटला होता, बाटल्या उघडल्या होत्या आणि सेल्बी सहज म्हणाला, की हल्ली थंड हवेत, उघड्यावर येणाऱ्या गांजाच्या जाती निघाल्यात.

"इथे?" ह्यूबर्ट हसला. "या खडकावर? अरे बाळा, इथला वारा तुला काय माहीत? तू पडलास पलीकडचा."

आता हे 'पलीकडचा' प्रकरण सांगायला हवं. सेल्बीचा जन्म उपसागराच्या पलीकडच्या काठावरचा, सॉल्टर्स आर्मचा. हवा स्वच्छ असली तर त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते गाव दिसतं, म्हणजे वर्षातून दोनतीनदा. डल्सीशी लग्न करून तो इकडे आला त्याला तीस वर्षं झाली. मत्स्य खात्याच्या कचेरीत त्यानं इथल्याच कोळ्यांचे अर्ज निस्तरले. चर्चचं छप्पर रंगवलं. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना खांदा दिला. तरीही तो पलीकडचाच. ह्यूबर्टचा कुत्रा शहरातून विकत आणलेला होता, पण तो महिन्याभरात इथला झाला. सेल्बीला आयुष्यात बाकी कशाचं फारसं वाईट वाटत नसे, या एका शब्दाचं मात्र वाटे, आणि ते तो कोणाला दाखवत नसे.

त्या दिवशी ते दाखवलं गेलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सप्टेंबरच्या प्रदर्शनात तुझ्या कोबीशेजारी फुललेलं झाड ठेवून दाखवतो. पेरल्यापासून एकदाही घरात न नेता."

ह्यूबर्टनं बाटली खाली ठेवली. "आणि नाही जमलं तर?"

"तर प्रदर्शनाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगेन, की पलीकडच्यांना बागेतलं काही कळत नाही."

घरी येईपर्यंत त्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं होतं. पण वोकींच्या घराण्यात बोललेलं मागे घ्यायची पद्धत नाही. त्यापायी त्याच्या आजोबांनी सगळं आयुष्य नावडत्या रंगाच्या घरात काढलं होतं.

मग जात निवडायचं काम निघालं. सेल्बी आणि डल्सी चहाचे मग घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. बी विकणाऱ्यांची भाषा स्थळं सुचवणाऱ्या मध्यस्थासारखी असते. सगळ्याच मुली सुंदर, सगळ्याच कामसू, कोणालाच खोड म्हणून नाही. खोड आपण हुडकायची. एक जात उंच आणि भरदार होती. सेल्बी म्हणाला, हिला पहिल्याच वादळात वारा आयर्लंडला पोचवेल. एकीची फुलं मुठीसारखी घट्ट होती. ग्राहकांना ती फार आवडतात, पण घट्ट फुलात पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. इथे फूल सैल हवं, वारा आरपार जाणारं. आणखी एक होती ती दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलणारी. इथे दिवस लहान व्हायला लागेपर्यंत माणसंसुद्धा आशा सोडतात.

"म्हणून ही आपोआप फुलणारी," सेल्बीनं बोट ठेवलं. "ही उजेड मोजत बसत नाही. सूर्य दिसो न दिसो, वय झालं की फुलते."

"म्हणजे तुझ्यासारखी नाही," डल्सी म्हणाली. "तुझं वय कधीच झालंय."

ठेंगणी सैबेरियन नावाची एक सेल्बीच्या मनात भरली होती. डल्सीनं नाक मुरडलं. "तिकडची थंडी कोरडी असते. आपली ओली. कोरड्या थंडीतल्या माणसाला आणून इथे ठेव, दोन आठवड्यांत खोकायला लागेल." हे बरोबर होतं, म्हणून सेल्बीनं ते स्वतःलाच सुचल्यासारखं केलं आणि शेवटी दुसरी मागवली. पावसाळी किनाऱ्यावर वाढवलेली, कमरेएवढी, सैल फुलांची, अडीच महिन्यांत काढणीला येणारी. नाव होतं धुक्यातली मेरी.

"माझी मेरीआत्या धुक्यातच वाट चुकली होती," डल्सी म्हणाली. "सापडली ती तुमच्या गावात. लग्न लागलेलं होतं."

बी येईपर्यंत सेल्बी नगरपरिषदेत जाऊन आला. सरळ मार्गानं जाणाऱ्या माणसाला हीच वाईट खोड असते. तिथल्या खिडकीमागे व्हर्ना कीपिंग बसते. नियम तिला पाठ आहेत आणि ती ते म्हणताना डोळे मिटते.

"झाडं सार्वजनिक रस्त्यावरून दिसता कामा नयेत," व्हर्ना म्हणाली.

"रस्ता माझ्या घराच्या वर आहे, व्हर्ना. टेकडीवर. वरून सगळंच दिसतं. माझी अंथरुणंसुद्धा दिसतात."

"अंथरुणांबद्दल नियम नाही. कुंपण घाल."

"किती उंच?"

"दिसणार नाही इतकं. पण खांद्याच्या वर गेलं तर परवानगी लागते. आणि परवानगी देणारी समिती ऑक्टोबरमध्ये बसते."

"आणि झाडं सप्टेंबरमध्ये काढणीला येतात."

"मग बुटकी लाव." तिनं डोळे उघडले आणि जरा विचार करून पुन्हा मिटले. "समुद्राच्या बाजूनंही कुंपण हवं हं. बंदरातनं होड्या जातात. बंदर म्हणजे आपला जुना रस्ताच की."

सेल्बीनं वरच्या बाजूनं कुंपण घातलं, खालच्या बाजूनं घातलं आणि दोन्ही खांद्याइतकीच ठेवली. खांदा कोणाचा हे नियमात नव्हतं, म्हणून त्यानं डल्सीच्या भावाचा धरला, तो गडी उंच आहे. काम संपल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता झाडांना सूर्यही दिसणार नाही. पण सूर्याची गरज नसलेली जात निवडल्याबद्दल त्यानं मनोमन स्वतःची पाठ थोपटली. सूर्याची गरज नसणं आणि सूर्याचे तास न मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला नंतर समजलं.

लावायचं कशात, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. खारवलेल्या बीफची पांढरी बादली आमच्याकडे प्रत्येक घरात असते. मांस संपलं की तिच्यात बेरी गोळा करतात, होडीतलं पाणी उपसतात, तिच्यावर बसून मासे साफ करतात. सेल्बीनं चार बादल्यांना खालून भोकं पाडली, माती भरली, जूनच्या मध्यावर बी टोचलं. चारही रुजली. तो दर सकाळी कॉफी घेऊन त्यांच्याजवळ उभा राहायचा आणि वरच्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण, जाताना काहीतरी सांगून जायचा.

दहाएक दिवसांत एक रोप पिवळं पडून मेलं. डल्सीनं मातीत बोट घातलं आणि जिभेला लावलं. "ही बादली धुतली होतीस?"

"विसळली होती."

"ही त्या रविवारच्या मांसाची बादली आहे. तू बी टोचलंस त्याच्या आदल्या दिवशीच रिकामी केलेली. अरे, मीठ आहे हे. यात कोबी उकडता येईल." उरलेल्या तीन बादल्या जुन्या होत्या म्हणून वाचल्या.

पुढची आपत्ती समुद्रातून आली. जुलैच्या सुरुवातीला कॅपलिन लोळतात. बोटभर लांबीचे ते रुपेरी मासे लाटेबरोबर थेट वाळूवर येऊन पडतात आणि गाव बादल्या, टोपल्या, आंघोळीचे टब घेऊन पळतं. निम्मे खायला, निम्मे बागेला. कॅपलिन पुरल्याशिवाय इथे बटाटाही लागत नाही. बियाण्याबरोबर आलेल्या सूचनांत मात्र लिहिलं होतं, की या जातीला खत अगदी बेतानं द्या, लहान वयात तर नकोच.

ह्यूबर्ट कुंपणावरून डोकावला. त्याच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या. "तुम्ही पलीकडे कॅपलिन घालता की नाही रे बागेत? की तुमच्याकडे सगळं दुकानातलंच?"

आता या प्रश्नाला शहाण्या माणसानं काय करावं? घरात जावं. सेल्बी किनाऱ्यावर गेला आणि ह्यूबर्टपेक्षा दुप्पट मासे घेऊन आला. प्रत्येक बादलीत त्यानं ते बुंध्याशी दाबले आणि वर माती ओढली. दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणाच्या आत एवढे समुद्रपक्षी उतरले होते, की डल्सीला वाटलं छप्पर कोसळलं. पक्ष्यांनी मासे तर उकरलेच, एक रोपही मुळासकट उपटून नेलं. दूर बंदराच्या धक्क्यापर्यंत ते चोचीत लोंबताना दिसत होतं. उरलेल्या दोन रोपांची पानं टोकाकडून करपायला लागली.

त्यात कोणीतरी तक्रार केली. उग्र वास येतो, गांजाचा असावा, अशी. एक तरुण कॉन्स्टेबल गाडीतून उतरला. तो समुद्रापासून दूरच्या गव्हाच्या मुलखातला, नुकताच बदलून आलेला. कुंपणाच्या दारात त्यानं एक श्वास घेतला आणि त्याचे डोळे पाणावले.

"साहेब, तुमच्याकडे झाडं किती आहेत?" त्यानं नाक धरून विचारलं.

"दोन. वीतभर उंचीची."

"एवढ्याशा दोन झाडांना एवढा वास?"

"तो माशांचा आहे."

कॉन्स्टेबलचा विश्वास बसेना. त्यानं व्हर्नाला फोन लावला. व्हर्नानं फोनवरसुद्धा डोळे मिटले असणार, कारण तिचा आवाज तसाच आला. "गांजाचा वास येत असेल तर दंड आहे. कॅपलिनचा वास येत असेल तर तो जुलै आहे. त्याला आपल्याकडे दंड नाही."

सेल्बीनं दोन्ही बादल्यांतले मासे हातांनी वेचून काढले आणि पावसाला माती धुऊ दिली. पाऊस भरपूर होता. खतच घालायचं नाही असं लिहिलेलं त्यानं वाचलं होतं, तेही चष्मा लावून. तरीही ह्यूबर्टच्या एका वाक्यासाठी त्यानं मासे दाबले. या माणसांसारखं व्हायला आपण आपल्या झाडांचा बळी देत होतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर त्यानं सल्ला घेणं बंद केलं. सल्ले मात्र बंद झाले नाहीत. शेवाळ घाल, मेंढीची लोकर गुंडाळ, रेडिओ लाव. ऑगस्टच्या पहिल्या वादळात खांद्याएवढं कुंपण एकसंध उठलं, तिसऱ्या झाडावर आडवं पडलं आणि तिथून उसळून थेट ह्यूबर्टच्या कोबीत गेलं. ह्यूबर्टचे अकरा गड्डे दबले. नगरपरिषदेनं सेल्बीला नोटीस पाठवली, विनापरवाना कुंपण हलवल्याबद्दल.

उरलं एक झाड. आणि ते फुललं. सूर्य जेमतेम दिसत होता, दिवस अजून लांब होते, पण मेरीचं वय झालं होतं, ती फुलली. त्याच आठवड्यात धुकं आलं आणि बसून राहिलं.

सैल फुलं असली तरी पाणी ते पाणी. सेल्बी दर तासाला बाहेर जाऊन झाडाचा बुंधा धरून हलवायचा, पाणी झडायचं, तो आत यायचा, पुन्हा जायचा. मग त्यानं छत्री उघडली. लगेच शेडमध्ये सभा भरली, की छत्री म्हणजे घर का? दोन संध्याकाळी वाद चालला. शेवटी ह्यूबर्टनं निकाल दिला, की खांबाला बांधली तर छप्पर, माणसानं हातात धरली तर छत्री. त्यामुळे निवृत्त सरकारी नोकर सेल्बी वोकी ऑगस्टचा उरलेला महिना, पिवळा रेनकोट घालून, एका बादलीवर छत्री धरून उभा होता. कुंपण उडून गेल्यामुळे हे दृश्य सार्वजनिक रस्त्यावरून उत्तम दिसत होतं. गाड्या थांबायच्या. लोक काच खाली करून विचारायचे, "ती काही बोलते का रे?"

"तुमच्यापेक्षा कमी," सेल्बी सांगायचा.

डल्सी त्याला उभ्याउभ्याच जेवण आणून द्यायची. एकदा ती म्हणाली, "सोडून दे ना. एक वाक्य बोलायचं हॉलमध्ये. लोक हसतील, विसरतील."

"ते विसरत नाहीत गं. तुझी माणसं आहेत म्हणून तुला दिसत नाही. तीस वर्षांत एकदा विसरले असते तर मी हे झाड लावलंच नसतं."

डल्सीनं त्याच्या हातातली छत्री घेतली. "तू आत जाऊन पाठ शेक. मी धरते."

प्रदर्शनाच्या दिवशी सेल्बीनं बादली ढकलगाडीत ठेवून हॉलच्या दारापर्यंत नेली. झाड कमरेएवढं होतं, जरा एका अंगाला कललेलं, पण वरपासून खालपर्यंत फुललेलं, कुठेही बुरशी नसलेलं. दारात ह्यूबर्ट उभा होता.

"आत नाही नेता येणार," तो म्हणाला.

"पैज तीच होती, ह्यूबर्ट. तुझ्या कोबीशेजारी."

"माझा कोबी तुझ्या कुंपणाखाली मेला. आणि आत लहान मुलं आहेत. शिवाय ही भाजी आहे की फूल, ते समितीनं ठरवलेलं नाही. समिती..."

"ऑक्टोबरमध्ये बसते. ठाऊक आहे."

सेल्बीनं बादली दाराबाहेर पायरीशेजारी ठेवली आणि तिच्याशेजारी उभा राहिला. घरी जायला तयार नव्हता. लोक आत जाताना थबकत होते, हसत होते, मग वाकून बघत होते आणि हसणं जरा कमी होत होतं. रिमझिम लागली होती. डल्सी आतून खुर्ची घेऊन आली आणि तीही तिथेच बसली.

दुपारी कृषी खात्याचे परीक्षक आले. हडकुळे, शांत गृहस्थ, शहरातले. त्यांनी आत जाऊन दरवर्षीचा कोबी आणि दरवर्षीची सलगमं पाहिली आणि बाहेर येऊन मेरीपुढे गुडघ्यावर बसले. फुलं उलगडून पाहिली, बुंधा पाहिला, बादलीच्या मातीत बोट घातलं. त्यांच्यामागोमाग हॉल बाहेर आला, कारण परीक्षक कशापुढेच गुडघ्यावर बसत नाहीत.

"हे उघड्यावर वाढलंय?" त्यांनी विचारलं. "या किनाऱ्यावर? या उन्हाळ्यात?"

"एकदाही घरात गेलेलं नाही," ह्यूबर्ट घाईघाईनं म्हणाला. "मी स्वतः नजर ठेवून होतो."

"मी असं पाहिलेलं नाही. कोणाचं आहे?"

आणि मग ते झालं. "आमच्या गावचंच," मागून कोणीतरी म्हणालं. कॅपलिन घालायचं मीच सुचवलं होतं, असं एकानं सांगितलं. छत्रीचा नियम आमच्याच शेडमध्ये झाला, असं दुसऱ्यानं. परीक्षकांनी फोटोसाठी फोन काढला तसा ह्यूबर्ट पुढे सरला, त्यानं सेल्बीच्या खांद्यावर जड हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमचाच माणूस आहे. इथलाच."

सेल्बी तीस वर्षं या वाक्याची वाट पाहत होता. एखाद्या अंत्ययात्रेत, एखाद्या बैठकीत, कोणाच्या तरी तोंडून चुकून येईल म्हणून वाट पाहत होता. ते आलं तेव्हा त्याला बरं वाटलं, हे खरं आहे. आणि पाठोपाठ राग आला, हेही खरं आहे. त्यानं ह्यूबर्टचा हात खांद्यावरून उचलला आणि त्याच्याच अंगाशी नेऊन ठेवला.

"नाही," तो परीक्षकांना म्हणाला. "मी पलीकडचा. सॉल्टर्स आर्मचा. तीस वर्षं इथे पलीकडचा म्हणून राहिलो आणि पलीकडचा म्हणूनच हे झाड लावलं. आता फोटोपुरता मला इथला करू नका. नाव लिहायचं तर पुढे गाव तेच लिहा."

पाऊस वाढला होता. ह्यूबर्टचा चेहरा लाल झाला होता.

"आणि बायको इथली आहे," डल्सी खुर्चीवरून म्हणाली. "तेही लिहा. पण त्याच्या नावानंतर."

परीक्षकांनी तसं लिहून घेतलं. फोटो काढला, त्यात फक्त दोघं आणि बादली होती. लोक हळूहळू आत गेले. ह्यूबर्ट मात्र पायरीवरच रेंगाळला. शेवटी त्यानं घसा साफ केला.

"पलीकडे," तो म्हणाला, आणि अडखळला. "पलीकडे तुमच्यात कोबीला काय घालतात रे?"

सेल्बीनं झाडाचा बुंधा धरून पाणी झाडलं. मग त्यानं ढकलगाडी वळवली.

"उद्या घरी ये," तो म्हणाला. "सांगतो."